न कापता दिसलेला साका

नात पेन्सिलीला टोक काढत बसली होती. तासलेल्या लाकडाचा वास आला आणि मी थेट रत्नागिरीच्या लॅबमध्ये, माझ्या जुन्या नोकरीच्या जागी, जाऊन पोचले. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली आम्ही जे तेल टाकायचो, त्याला अगदी हाच वास असायचा.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. ऐन आंब्याचा हंगाम होता आणि पालीला बाग सांभाळणाऱ्या बाबांचा मलेरिया उलटला होता. ताप उतरला की ते गोळ्या सोडून देत. "आता ठणठणीत आहे मी," हे त्यांचं एकच. शेवटी त्यांना लॅबमध्ये आणलं, बोटाला सुई टोचली, काचेवरचं रक्त रंगवून वाळवलं आणि म्हटलं, "बघा."

पेटी भरताना आंबा निरखावा, तसे ते वाकून बघत राहिले. तांबड्या पेशीच्या आत एक इवलीशी अंगठी दिसत होती.

"ही आत शिरली कशी? भोक तर कुठे दिसत नाही."

"हा जंतू पेशीची कड आत ढकलत शिरतो, बाबा. मागून ती मिटून जाते. मग आत बसून तो पेशी खातो."

"म्हणजे साकाच की गो! बाहेरून फळ देखणं नि आत गर नासलेला, कापल्याशिवाय कळायचा नाही."

त्या खेपेला त्यांनी गोळ्या पुऱ्या केल्या.

मी त्यांना रोग दाखवला, एवढंच मला इतकी वर्षं वाटत होतं. आज त्या वासाबरोबर त्याच दिवशीचा एसटी स्टँडही आठवला. तिथे बाबा एका ओळखीच्या बागायतदाराला सांगत होते, "माझी पोर नुसती सुई टोचून आतला साका सांगते. आपल्याला जन्मात जमलं नाही."