वायर कापलेली, अन् व्हिडिओ कॉल आला

इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायला वाचत आले, ते आधीच सांगून टाकते. पांढरी साडी, पिंपळ, चकवा... वाचायचं, नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून खिदळायचं. आमच्या घरातून तर हे सगळं आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच उंबऱ्याबाहेर गेलं. नवस नाही, अंगारा नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. त्यात मी यवतमाळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. काचेवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही. म्हणून हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले. पण घडलं ते घडलं, आणि तेही भर दुपारी, मांडवभर माणसांसमोर.

माझं माहेर ढाणकी, उमरखेड तालुका. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. पण घासाघीस केल्याशिवाय त्यांना कोथिंबीरसुद्धा गोड लागत नाही. धाकटा भाऊ धम्मपाल, आमचा धम्मा, मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. महिनोन्महिने समुद्रात. आमची गल्ली पडते खोलगट, नाल्याच्या अंगानं. मोबाइलवर मेसेज कसाबसा जातो, व्हिडिओचं नाव काढू नका. धम्माचं तोंड दिसावं म्हणून बाबांनी फायबरचं नेट घेतलं. गल्लीत आमचं एकट्याचंच.

तर झालं असं, चौकात फायबरवाल्यानं बोर्ड लावला — नवीन ग्राहकांना अर्ध्या दरात नेट! बाबांनी तो वाचला आणि तसेच ऑफिसात घुसले. मी सोबत होते, लाजेनं अर्धी झाले.

“काहून रे? इतके वर्षं पैसे मी भरून राह्यलो, अन् स्वस्त नेट काल आलेल्याले?”

“काका, ऑफर नव्यांसाठी आहे. मी काय करू?”

“मग मले नवा कर!”

काउंटरवरचा माणूस बिचारा रोज हेच ऐकत असणार. त्यानं आवाज खाली करून मार्ग सांगितला — काकांचं कनेक्शन बंद करा, काकूंच्या नावानं नवं घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आमच्याकडे हे सर्रास चालतं म्हणा. एक वर्ष नवरा नवा ग्राहक, एक वर्ष बायको. एका घरी तर सासूचाही नंबर लावून झाला, आता जावयाचं आधार कार्ड मागवलंय! बाबा असे खुशीत घरी आले, जशी काही लॉटरीच लागली.

लाइनमन आला. खांबापासून घरापर्यंतची वायर कापून, गुंडाळून घेऊन गेला. नेटचा डब्बा तेवढा राहिला, कारण तो बाबांनी विकत घेतलेला. “उद्या नवी जोडतो,” म्हणाला, आणि साळ्याच्या लग्नाला निघून गेला. दुसरा माणूस नाही. कंपनीला फोन लावावा तर पलीकडे नुसतं संगीत.

आणि दोन दिवसांवर धम्माच्या मुलीचं बारसं!

आता यातली खरी गोम सांगते. मुलीचं नाव फक्त धम्माला माहीत होतं. त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. “नाव मी ताईले सांगीन, अन् ताई पोरीच्या कानात सांगीन,” असा हट्ट. लेकीला त्यानं अजून धड पाहिलंही नव्हतं, नुसते फोटो. बारशाच्या दिवशी त्याचं जहाज बंदराला लागणार, तिथं त्याला नेट मिळणार, आणि पुढं कित्येक आठवडे नुसतं पाणी. म्हणून तर तो दिवस धरला होता. आमचं नेट गेलं हे सांगायला मी चौकात जाऊन मेसेज टाकला, पण त्यावर एकच टिक. तो समुद्रात, त्याला कसा मिळणार?

बारशाच्या सकाळी बाबांनी चहासुद्धा घेतला नाही. मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. “माह्या चार पैशापायी लेकराच्या बापाले लेकरू दिसत नाही आता,” म्हणाले. मला इतका राग आला होता त्यांचा, पण ते तोंड पाहून चहाचा कपच पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला. मग एकदम उठून म्हणतात, “पाळणाच चौकात नेऊ! तिथं रेंज हाय.”

“अन् ट्रॅक्टरखाली बारसं करू?” माय कडाडली. “गप बसा. नेट माह्या नावानं घ्याले मले विचारलं होतं काय?”

मी एकटीच चौकात जाऊन धम्माला फोन लावून पाहिला, लागला नाही; मेसेजवर अजून एकच टिक. पुढं ढकलावं तर पाहुणे आलेले, स्वयंपाक चुलीवर. दुसरं नाव ठेवावं म्हटलं तर करुणा, आमची वहिनी, ठाम. “नाव ते सांगतील तेच. नाही तर आज रिकामाच हलवा पाळणा.” बोलताना डोळे भरले तिचे. मला आत्या म्हणून नवी पैठणी मिळाली होती, ती अंगावर टोचायला लागली.

त्रिशरण-पंचशील झालं. बायकांनी पाळणा म्हटला. बाळ पाळण्यात, गालावर तीट नाही काही नाही, मस्त जांभया देत पडलेलं. पाळण्याच्या पायथ्याशी मी घरातला टॅब उभा केला होता. त्यात सिम बसत नाही, फक्त वायफायवर चालतो. का उभा केला? दर वेळी धम्माशी बोलताना तिथंच कुठं तरी ठेवतो म्हणून, सवयीनं. सगळ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. आत्यानं वाकायचं, कानात नाव सांगायचं... काय सांगू? कपाळ?

आणि टॅब वाजला.

धम्मा! कामाच्या निळ्या डांगरीत, हसत, मागं कसले तरी पाइप. चित्र इतकं स्वच्छ की त्याच्या हनुवटीवरचं ग्रीस दिसत होतं. मांडवात जो गलका झाला! करुणा तर उभी होती ती खालीच बसली. धम्मा म्हणाला, “ताई, इअरफोन लाव, बाकीच्यायनं ऐकाचं नाही.” मी लावला. त्यानं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी रडत होते.

मी वाकले. “कुर्रर्र... उत्पला!”

आत्याच्या पाठीवर धपाटे घालायची आमच्याकडे रीत. पण त्या दिवशी बायकांनी दोन दिवसांची चिंता माझ्या पाठीवर काढली. धम्मा तिकडून ओरडतोय, “अजून मारा तिले! माह्या वाटचे पण मारा!” उत्पला म्हणजे निळं कमळ, हे त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. मग करुणानं बाळ उचलून स्क्रीनजवळ धरलं आणि हा सहा फुटी माणूस स्क्रीनला नाक लावून बसला. नुसता पाहत राहिला. बाळानं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, शप्पथ. शेवटी “येतो,” म्हणाला, आणि कॉल बंद झाला. बाबांनी त्या दिवशी जिलेबी स्वतःच्या हातानं वाढली, आणि कोणालाही एकावर थांबू दिलं नाही.

आम्ही सगळे समजलो, लाइनमन येऊन गुपचूप जोडून गेला. गर्दीत कोणाचं लक्ष असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन दारात. खांद्यावर वायरचं बंडल, हातात शिडी.

“माफ करा काका. आज जोडून देतो.”

“आज? काल जोडलं नं बे!”

“काल? काल मी हिंगोलीले पंगतीत वाढून राह्यलो होतो.”

बाबा हसले. मी नाही हसले. मी आत जाऊन पाहिलं. वायर ज्या भोकातून यायची, त्यात उंदीर येऊ नये म्हणून मायनं कोंबलेला कापसाचा बोळा तसाच. डब्ब्याच्या मागं काहीच जोडलेलं नाही. एवढंच काय, डब्ब्याची पिनसुद्धा काढलेली. त्या बोर्डावर मांडवातल्या पंख्याची पिन होती, परवापासून! मी पुन्हा तपासलं, मग नवऱ्याला तपासायला लावलं. टॅब उघडला. कालचा कॉल त्यात होता. इनकमिंग, धम्मपाल.

तरीही मी स्वतःला समजावलं. कुठून तरी, कसलं तरी वायफाय पकडलं असेल. तुम्हीही आत्ता हेच म्हणत असाल. म्हणा.

मग बऱ्याच आठवड्यांनी, मायच्या नावाच्या नव्या कनेक्शनवर, पुढच्या बंदरावरून धम्माचा फोन आला. मी त्याला म्हटलं, “बरं झालं बाबा, तू त्या दिवशी फोन लावला.”

“मी कुठं लावला? तूच लावला नं.”

“मी?”

“ताई, जहाज त्या दिवशी बंदरात गेलंच नव्हतं. जागा नव्हती, बाहेर समुद्रातच उभं होतं. नेट नाही, काही नाही. मी खाली वर्कशॉपमधी पोरीचा फोटो पाहून बसलो होतो. अन् तुझा कॉल आला.”

त्यानं स्क्रीनशॉट पाठवला. तीच तारीख, तीच वेळ. त्याच्याकडेही इनकमिंग होता.

टॅब हातोहात फिरला. करुणानं उत्पलाला नुसतं जवळ घेतलं. मी अजूनही भूतखेत मानत नाही, आणि याला काय म्हणायचं तेही मला कळत नाही. इंजिनिअर ओळखीचे आहेत, त्यांना विचारलं. एकानं खांदे उडवले, दुसरा म्हणाला झोपेत असाल. मांडवभर माणसं झोपेत?

बाबांनी तो स्क्रीनशॉट चष्मा लावून कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाले, “कोणाचं का असेना हे नेट, त्याचं बिल आलं तर माह्याकडे द्या. एक रुपया कमी कर म्हणणार नाही मी.”

बिल काही आलेलं नाही.