भिंतीला अडलेला पांगुळगाडा

माझी शाळा दुसरीपर्यंतच, पण पंचवटीत माझ्यासारखा पांगुळगाडा कोणी करत नव्हता, हे मी आजही सांगतो.

दोन हजार सालाच्या आसपास पेठ तालुक्याकडची एक बाई दीड वर्षाची पोर घेऊन दुकानात आली. एकाच पायात पैंजण असलेल्या त्या पोरीनं नवा गाडा धरला, तुरुतुरु चालली आणि भिंतीला अडली. लगेच भोकाड पसरलं. मी गाडा वळवायला उठलो, तर बाईनं हात आडवा घातला.

"बाबा, हात नका लावू."

"अगं, गाडा काय आपोआप वळतो होय?"

"रडू द्या. उद्यापासून मी द्राक्षाच्या पॅकिंगला. तिथं शेडात गाडा वळवून द्यायला इला कोण हाय?"

माझ्याच दुकानात मला शिकवते, म्हणून राग आला. पण बाई पोरीवरून नजर हटवीना, आणि डोळे भरलेले.

पोरीनं दोनदा भिंतीला धडक दिली. मग गप्प झाली, दांडा घट्ट धरला आणि एकेक पाऊल मागं टाकत, गाडा ओढत थेट माझ्या गुडघ्याला येऊन टेकली. वर बघून हसली.

पोरांना हे जमतं, हे इतके गाडे करूनही मला ठाऊक नव्हतं. दरवेळी मीच उठून वळवून देत होतो ना!