गोठ्यातली बॅटरीची गाडी

दोन वर्षांत तिनं माझ्या घरी एकदाही बसून चहा घेतला नाही. उंबऱ्यात उभी, एक पाय चपलेत, बशीत फुंकर घालत. "बाई, टेक की जरा," म्हटलं की म्हणायची, "टेकले की कुणीतरी बोलावतंच, मावशी." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याजवळ असलं की आपल्यालाच घाई सुटते.

ती आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स होती. हिंगोली जिल्हा नवा झाला त्याला आठ-दहा वर्षं झाली होती तेव्हा. माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायची. लेकरांना डोस पाजायला, बाळंतिणींना बघायला चार वाड्या फिरायची. लायसन लागत नाही म्हणून तिनं बॅटरीची गाडी घेतली. बिनआवाजाची गाडी आमच्याकडं पहिलीच. पारावरचे म्हातारे म्हणायचे, "नर्सबाई आली कवा, गेली कवा, काई कळूनच न्हाई राहिलं."

गल्लीतली पोरं हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी उतरवायची. मीच तिला म्हटलं, गाडी माझ्या शेळ्यांच्या गोठ्यात लाव. सावली आहे, चार्जिंगला लाइटचं बटन आहे, दाराला कडी आहे.

मग गाडी बंद पडायला लागली. सीट उचलावी तर बॅटऱ्यांना जोडणारे पितळी चिमटे हिरवेगार. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकावं तसे. ती गरम पाण्यात सोडा घालून जुन्या ब्रशनं ते घासायची, कोरडे करायची, वर व्हॅसलिन लावायची. तोंड चालूच, "चल गं बाई, चल, मेमो येईल मला." पंधरा दिवसांत पुन्हा तेच. एकदा तिला उशीर होत होता म्हणून मीच चिंच आणि राख घेऊन घासायला बसले. तिनं माझा हात धरला.

"मावशी, हा काय तांब्या आहे?"

"पितळच हाय की!"

हसली, पण नजर रस्त्याकडं.

हसण्यासारखं काही नव्हतंच. दोनदा ती लसीकरणाला उशिरा पोचली. बाया लेकरं घेऊन ताटकळल्या आणि शेतात निघून गेल्या. दोन मेमो आले. तालुक्याच्या साहेबांनी बजावलं, तिसऱ्याला बदली. आधीच तीन ठिकाणांहून हलवलेली बाई. मला म्हणाली, "इथून नाही जायचं मला, मावशी. आता कुठं बाया आपणहून यायला लागल्यात."

मी औंढ्याच्या बाजाराला निघाले तेव्हा तिनं एक खराब चिमटा कागदात बांधून दिला. असाच नवा आणा म्हणाली. तिथल्या बॅटरीवाल्या मिस्त्रीनं तो उलटापालटा केला आणि नाकाशी नेला.

"अम्मा, गाडी बकऱ्यांजवळ ठेवता का?"

"व्हय. काहून?"

"मुताची वाफ लागली याला. पितळ खाते ती. गाडी तिथून हलवा, न्हाई तर कितीबी घासा."

वाटभर मी तेच घोळवत आले. गोठ्याशिवाय माझ्याकडं दुसरा आडोसा नव्हता. उपकेंद्रामागची खोली रिकामी होती, तिला शेडही होतं. सांगितलं की ती तिकडं जाणार. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक परभणीला. तिच्या धावपळीनं का होईना, माझं घर हलत होतं.

"काय म्हणाला मिस्त्री?" नवा चिमटा हातात घेत तिनं विचारलं.

"पाणी लागलं म्हणला," मी म्हटलं.

उद्या सांगू, उद्या सांगू करत पंधरा दिवस गेले. मग एका लसीकरणाला निम्म्या रस्त्यात गाडी मेली. लसीची पेटी डोक्यावर घेऊन ती उन्हात चालत गेली. पोचली तेव्हा साहेब आधीच येऊन बसले होते.

बदली पार सेनगावकडं झाली. सामान टेम्पोत चढलं, गाडी दोरीनं आवळली. तेव्हा मी तोंड उघडलं. मिस्त्री काय म्हणाला ते सगळं सांगितलं.

ती वळली. "कधीपासून माहीत होतं?"

"त्या बाजारापासून."

"मग सांगितलं का नाही, मावशी?"

"तू निघून गेली असतीस."

"आणि आता?"

ड्रायव्हरनं हाक मारली. ती त्याच्या शेजारी चढून बसली. टेम्पो सुरू झाला.