मादीच्या ओळीतला नर

चाड्यावर माझ्यासारखा हात तेलुगू मुलखातल्या भैंशाकडच्या खेड्यांत कुणाचाच नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायची. चालत्या तिफणीच्या चाड्यात बी एकसारखं सोडायला मूठ मऊ लागते, आणि माझी होती. म्हणून सन पंच्याऐंशीच्या आसपास आम्ही पहिल्यांदा संकरित ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला, तेव्हा नवऱ्यानं सगळी भिस्त माझ्यावर टाकली.

चार ओळी मादीच्या, दोन नराच्या. मादीच्या फुलात पराग धरतच नाही. ती जातच तशी तयार केलेली, असं तपासणीच्या साहेबांनी सांगितलं होतं. शेजारच्या नराचा पराग वाऱ्यानं आला तरच तिचा दाणा भरतो, आणि तोच दाणा संकरित बियाणं. मादीच्या ओळीत नराचं धाट तसंच राहिलं, तर त्याचा साधा दाणा बियाण्यात मिसळतो; मग भेसळ, प्लॉट नापास.

पेरणी संपली आणि ओटीत मूठभर नराचं बी उरलं. पेरणीचं बी घरी परत आणायचं नाही, हे आईनं अंगात मुरवलेलं. मी हात जोडले आणि मूठ मागं भिरकावली. ती पडली नेमकी मादीच्या ओळींत. घरी आल्यावर लक्षात आलं, पण बोलले नाही. एवढी मिरवणारी मी, कोणत्या तोंडानं बोलणार?

दोन महिन्यांनी ज्वारी फुलोऱ्यावर आली. रोज उजाडताच मी त्या कोपऱ्यात एकेक कणीस निरखायची. परागाची पिवळी भुकटी सांडणारं दिसलं की धाट उपटून बैलांपुढं. नवऱ्याला वाटायचं, बाईनं प्लॉट भलताच मनावर घेतलाय.

साहेब आले. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचे. बांधाकडच्या ओळी पाहूनच खूश झाले.

"एक भी नर नहीं मादी में! किसका हाथ है?"

नवऱ्यानं कौतुकानं माझ्याकडं बोट केलं, आणि मला राहवेना.

"साहेब, त्या कोपऱ्यात म्याच फेकलं होतं नराचं बी. उपटले सगळे, पण तुमी पाहून घ्या."

साहेब वही मिटून कोपऱ्यात शिरले.

"काऊन बोलली?" नवरा कुजबुजला. "पास होऊन राह्यला होता न!"

"तुमी तारीफ केली. मले खपली नाही."

बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले. हातात उपटलेलं एक धाट होतं, भुकटी सांडणारं.

"बस, एक बचा था. आप नहीं बोलतीं, तो बीज में चला जाता."

ते धाट माझ्या हातात देऊन त्यांनी प्लॉट पास केला. नवरा घरापर्यंत हसत आला. पेरणीपासून घास गोड लागत नव्हता. त्या दिवशी मी पोटभर जेवले.