बारा लॅपटॉपांचे सर

"खाली पाहू नका. खाली काई न्हाई."

सरांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अठरा वर्षांची होते आणि खालीच पाहत होते. कीबोर्डवर मला 'ळ' सापडत नव्हता. सरांनी खिशातला रुमाल काढला, माझ्या दोन्ही हातांवर पसरला आणि म्हणाले, "आता कर टाइप." रुमालाला तपकिरीचा वास येत होता. तिसऱ्या दिवशी 'ळ' सापडला.

हिंगोलीकडच्या पुसेगावात, स्टँडच्या जरा पुढे, खताच्या दुकानावरच्या लांबट खोलीत सरांची टायपिंगची संस्था होती. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या हाताखालून गेलेली पोरं-पोरी निम्म्या कचेऱ्यांत बसलेली आहेत आणि तो मात्र जिथल्या तिथे आहे. मी त्याच पोरींपैकी एक. तालुक्याच्या एका ऑफिसात लिपिक आहे. मी फटकळ आहे असं ऑफिसातले सगळे म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. पण सरांचा विषय निघाला की मी गप्प बसते, कारण त्यांच्या संस्थेचं जे झालं त्यात माझाही हात आहे. सर आता नाहीत. मला बोलायला हरकत नाही.

सर शिकवताना वर्गाकडे पाठ करून खिडकीत उभे राहायचे. बारा कीबोर्ड एकदम वाजत असायचे. त्यातून मध्येच मान न वळवता म्हणायचे, "तिसऱ्या बाकावरची, चूक झाली." चूक झालेली असायचीच. आम्हाला वाटायचं सरांच्या पाठीला डोळे आहेत. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "चुकलं की बोट अडखळतं, पोरी. ते ऐकू येतं."

गावात कुणाचं लग्न असलं की पत्रिका सरांच्या हातात पडायची आणि सर लाल पेन काढायचे. वाचून होईपर्यंत समोरचा बिचारा उभाच. मग पत्रिका परत त्याच्याच हातात. "पाच चुका हायेत. लग्नाला येतो." आणि यायचे. माझ्या लग्नाची पत्रिका मी छापण्याआधीच त्यांना दाखवली, तरी एक निघालीच.

पोरींवर त्यांचा जास्त जीव होता. पोरगं कुठंही जाऊन शिकेल, म्हणायचे, पण पोरीला गावाजवळ आहे तोवरच शिकता येतं. संस्थेच्या शेवटच्या वर्षी, मी नोकरीला लागून गेले होते तेव्हा, बारा पोरी होत्या. त्यात शेजारच्या साखरा गावची वैशाली सगळ्यांत तेज. मराठीचा वेग मिनिटाला चाळीस शब्दांच्या पुढे गेला होता. तिच्या बापानं सरांना तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्याकडं हाय तवर शिकू द्या. हिंगोलीला धाडणार न्हाई मी." टायपिंगचं सर्टिफिकेट हातात आलं तर लिपिकाचा फॉर्म भरता येणार होता. नाही तर स्थळं बघायला सुरुवात झालीच होती.

आणि त्याच वर्षी सरांचे जुने कॉम्प्युटर बसले. लाइटच्या जाण्यायेण्यानं एकेक करत सगळे गेले. परीक्षेआधी संस्थेची तपासणी होणार होती. बारा पोरींना बारा यंत्रं आणि प्रत्येकात सरावाचा ठरलेला प्रोग्राम, असं असेल तरच परवानगी पुढे चालणार. सरांनी साठवलेलं सगळं काढलं आणि ठरवलं की लॅपटॉप घ्यायचे, सगळ्यांत स्वस्तातले. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतील, हा हिशेब बरोबरच होता. "तू चल संगं," मला म्हणाले. "तुला इंग्रजी कागद समजतो."

हिंगोलीच्या दुकानात सरांनी लॅपटॉप कसे निवडले ते मी जन्मात विसरणार नाही. चालू करायला सांगितलेच नाहीत. झाकण उघडलं, डोळे मिटले आणि दहाही बोटं कीबोर्डवर फिरवली. प्रत्येक कळ दाबून आवाज ऐकला. दुकानदार म्हणाला, "सर, स्क्रीन तो देखो." सर म्हणाले, "स्क्रीनला काय बघायचं? ती तर सगळ्याईची सारखीच असती." दोन लॅपटॉप त्यांनी परत केले, उजव्या करंगळीखालची कळ जड आहे म्हणून. टायपिंगचा मास्तर यंत्र तपासणार म्हणजे असंच तपासणार.

आतलं बघायचं काम माझ्याकडे होतं. खोक्याबरोबर एक कागद होता. वरच्या ठळक ओळी मी सरांना मराठीत वाचून दाखवल्या. विद्यार्थ्यांसाठी सिस्टिमची खास हलकी आवृत्ती. व्हायरस येत नाही. पूर्ण सुरक्षित.

"सुरक्षित," सर खूश झाले. "बराबर. लेकरं वापरणार हायेत."

खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. पुसेगावची एसटी सुटायला आली होती, मला भूक लागली होती आणि दुकानदार बिल घेऊन उभा होता. ती ओळ मी वाचली नाही.

पहिल्या दिवशी सरांना बाराही पडद्यांवर मागे आपलं वाक्य लावायचं होतं, 'खाली पाहू नका'. कंपनीचं निळं चित्र काही हलेना. या आवृत्तीत ते बदलता येत नाही असं लिहून आलं. आम्ही हसलो. सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मी तोंडानं सांगत जाईन."

मग त्यांनी सरावाच्या प्रोग्रामचा पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर आलं की बाहेरचा कोणताही प्रोग्राम या आवृत्तीत बसवता येत नाही, सुरक्षिततेसाठी फक्त कंपनीने दिलेलेच चालतील. सरांनी दुसरा लॅपटॉप उघडला. मग तिसरा. मी म्हटलं, सर, सगळे एकसारखेच आहेत. तरी ते बाराव्यापर्यंत गेले. पोरी बाकांवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. त्या दिवशी वर्ग झाला नाही.

दुकानदाराची काही चूक होती असं मला म्हणता येत नाही. तो म्हणाला, "कागदावर लिहिलेलं आहे, मॅडम." सील तुटलेला माल परत होत नाही. कुलूप निघतं, पण मोठी आवृत्ती विकत घ्यावी लागते, प्रत्येक यंत्राला वेगळी, आणि तेवढं सरांकडे उरलं नव्हतं. एकाला तरी घेऊन बघू, म्हणून घेतली. ती आत बसली आणि त्या बारक्या यंत्रात जागाच उरली नाही. एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर यायला इतका वेळ घ्यायचं की वैशाली म्हणाली, "सर, तोवर मी साखऱ्याला जाऊन येते." सरही हसले. नंतर बराच वेळ त्या एकाच अक्षराकडे बघत बसले.

मोबाइलच्या दुकानातला एक जण म्हणाला, जुन्या हलक्या सिस्टिमची चोरीची कॉपी टाकून देतो, कुणाला कळत नाही. सरांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मी चिडले. म्हटलं, सर, साऱ्या जगात तेच चालतं. "चालू दे," म्हणाले. "तपासणीवाल्यानं इचारलं तर मी खोटं बोलू काय? ह्या बारा लेकराईपुढं?" मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता. अजूनही थोडा आहे.

तपासणीला दोघं आले. भली माणसं होती. त्यातला एक तर सरांच्याच हाताखालून गेलेला. सरांनी लॅपटॉप ओळीनं मांडून ठेवले होते, चकचकीत पुसून. त्यांनी लिहिलं, यंत्रे आहेत, प्रोग्राम नाही. सरांनी महिनाभराची मुदत मागितली. तो विद्यार्थी खाली मान घालून म्हणाला, "सर, माझ्या हातात असतं तर." परवानगी संपली. पोरींची नावं हिंगोलीच्या दुसऱ्या संस्थेकडे वळवली.

ते गेल्यावर मी सरांना सांगितलं. "सर, तो कागद मी वाचला होता. खालची ओळ सोडली."

सर लॅपटॉपांची झाकणं लावत होते. "काहून सोडली?"

"एसटीची वेळ झाली होती."

"मंग?" ते म्हणाले. "वेळ संपली आन् शेवटची ओळ ऱ्हायली, तर ती चूक धरत न्हाईत, पोरी."

असा नियम नाही. मी परीक्षा पास झाले आहे, मला माहीत आहे. त्यांनीच मला शिकवलं होतं की सुटलेला प्रत्येक शब्द चूक म्हणून धरतात. मी जिन्यात जाऊन रडले.

मग सरांनी पोरींना हिंगोलीला न्यायला सुरुवात केली. सकाळच्या एसटीनं स्वतः घेऊन जायचे, दुसऱ्याच्या संस्थेबाहेर कट्ट्यावर बसायचे, दुपारी परत आणायचे. पहिल्या दिवशी नऊ पोरी आल्या. दुसऱ्या आठवड्यात पाच. कुणाच्या घरी सोयाबीन काढायला माणूस नव्हतं, कुणाचा भाऊ नको म्हणाला. वैशाली एकदाही आली नाही. सर साखऱ्याला तिच्या घरी गेले. बापानं पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. "मी आधीच बोललो व्हतो ना, सर?" तो म्हणाला. त्यात त्याचा आवाजसुद्धा चढला नाही. निघताना एवढंच कबूल केलं की परीक्षेच्या एका दिवसापुरती पाठवतो. महिन्याच्या शेवटी एसटीत सर आणि एकच पोरगी उरली, आणि मग तिचंही लग्न ठरलं.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून हिंगोलीला गेले. सर केंद्राच्या फाटकाशी उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात हिंगोलीच्या संस्थेतून आणलेली बाराही हॉल तिकिटं. साखऱ्याकडची एसटी आली की आम्ही दोघं रस्ता ओलांडून स्टँडवर जायचो, उतरणारी सगळी माणसं बघायचो आणि परत यायचो. दोनदा गेलो. वैशाली एकीतूनही उतरली नाही.

घंटा झाली. शिपायानं फाटक लावून घेतलं. आतून एकदम कीबोर्ड वाजायला लागले.

शिपाई आमच्याकडे बघत म्हणाला, "बाबा, तुमचं कोण बसलंय आत?"

"कोणी न्हाई," सर म्हणाले.

"मग उन्हात काहून उभे ऱ्हायलेत?"

सरांनी फाटकाकडे पाठ केली आणि कान आतल्या आवाजाकडे लावले. पेपर सुटेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो.