तलवारीचं पूर्ण वजन

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. सकाळी फिरून देशपांडे नगरातल्या घरी आलो, तर नात लॅपटॉपसमोर गप्प बसलेली. एरवी काम करताना ती गुणगुणत असते... काय झालं, म्हणून विचारलं.

श्रुती माझी थोरली नात, कॉम्प्युटर शिकलेली. एक गेम आहे, त्यात आपला वीर राक्षसांशी लढत पुढे जातो. अशा गेममध्ये लोक आपल्या मनाचे बदल करून इतरांना खेळायला देतात, त्याला मॉड म्हणतात. श्रुतीनं तिच्या मॉडमध्ये एक नवं गाव आणि एक लोहार घातला होता. हेच मॉड ती पुढच्या आठवड्यात बेंगळुरूला नोकरीच्या मुलाखतीत दाखवणार होती.

लोहाराचे दर काही तिला जमेनात. तलवार अपग्रेड करायला, म्हणजे जुनी देऊन मोठी घ्यायला, जास्त घेतले तर खेळणारे वैतागतात, कमी घेतले तर मजा जाते. म्हणून तिनं मला विचारलं. मी सातवीपर्यंत शिकलेला, पण जन्म तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात गेला.

मी आमची रीत सांगितली. दुसरीकडचं जुनं भांडं मोडीत आलं तर वजनात घट धरायची. आपल्याच दुकानातलं असेल तर घट धरायची नाही, पूर्ण वजनाचे पैसे द्यायचे. गिऱ्हाइकानं नव्यासाठी फक्त वरचा फरक आणि मजुरी भरायची.

तिनं तसंच केलं आणि मॉड लोकांना खेळायला दिलं. मी बागेतल्या मित्रांना ऐटीत सांगूनही टाकलं. ते म्हणाले, अण्णा, आता राक्षसांना पण घागरी विकणार काय...

पण त्या गावात लोहार एकच. म्हणजे प्रत्येक तलवार आपल्याच दुकानातली! लोक तलवार परत देत, थोडा फरक भरून मोठी घेत, लगेच तीही परत देत. बघता बघता ज्याच्या त्याच्या हातात सगळ्यात जड तलवार, आणि राक्षस एका घावात आडवे.

श्रुतीनं कमेंट वाचून दाखवल्या. एकानं कन्नडमध्ये विचारलं होतं, हा लोहार आहे की धर्मशाळा? मला जेवण जाईना. माझ्या रीतीपायी पोरीची नोकरी जाणार, हेच डोक्यात.

मी म्हटलं, काढून टाक ती रीत, सरसकट सगळ्यांची घट धर. तिनं मान वर केली.

“पण अज्जा, मग तुमचं दुकान कसं बुडालं नाही?”

मी आणखीच घाबरलो. हा विचार मी कधी केलाच नव्हता. चाचरत सांगितलं, की बायका वर्षानुवर्षं चिंच आणि राख लावून भांडी घासायच्या. घागर परत यायची तेव्हा तिचा तळ पातळ झालेला असायचा. पूर्ण वजन दिलं तरी तराजूत ती हलकीच भरायची.

तिनं लॅपटॉप पुढे ओढला. मग म्हणाली, “आपली तलवार झिजतच नाही की हो.”

घट तिनं धरली नाही. प्रत्येक लढाईत तलवार थोडी झिजेल एवढंच केलं. जितकी वापराल तितकी ती हलकी, आणि तितका फरक जास्त. नवीन मॉड टाकल्यावर मी तासातासाला विचारत होतो, कुणी शिव्या दिल्या का? बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवेना. हळूहळू कमेंट निवळल्या, पण माझा जीव काही निवळला नाही.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, जास्त प्रश्न लोहाराबद्दलच विचारले. आणि हिनं काय सांगितलं असेल, तर पहिल्यांदा झालेली चूक! मुलाखतीत आपली चूक कुणी सांगतं काय...

काय सांगितलंस नेमकं, म्हणून विचारलं. ती हसली. “सांगितलं की, आमच्याकडून आधी असं चुकलं, मग आम्ही ते असं दुरुस्त केलं.”

निकाल अजून आलेला नाही. फोन वाजला की हातातलं टाकून धावतो. पण आजोबांनी चुकीचं सांगितलं, असं ती सरळ म्हणू शकली असती, आणि ते खरंही होतं... ती ‘आम्ही’ म्हणाली.