तंबूला कुलूप नसतं

नारीन गावच्या बुरुलचानं बनवलेला खेळ काही फार नावाजलेला नव्हता. नऊ-नऊ खळग्यांत गोट्या फिरवायचा मेंढपाळांचा जुना डाव तिनं फोनवर आणला होता, एवढंच. पण तो खेळणारी माणसं पक्की होती. त्यातली निम्मी उन्हाळ्यात सोन-कुल तळ्याकाठच्या उंच कुरणांवर मेंढ्या घेऊन जात. तिथं रेंज नाही, त्यामुळे हा बिननेटचा डावच त्यांचा विरंगुळा. सप्टेंबरात खाली येताना ती दहा-बारा नवे खेळाडू तयार करूनच येत. बुरुलचाची जाहिरात म्हणाल तर तेवढीच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनं अपडेट सोडलं. त्यात खेळाडूंची क्रमवारी होती, म्हणून खेळ उघडताच आधी नावनोंदणीचं पान येई. त्याला नेट लागणार होतं, पण एकदाच. एकदाच तर, असं म्हणून तिनं बटण दाबलं. घरोघरच्या फोनांनी अपडेट घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कळप डोंगर चढले. कळपांची तारीख तिला पाठ होती, फक्त दोन्ही गोष्टी तिनं शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशी दुपारी कुरणावरून सादिरबाय अतांचा फोन आला. मेंढपाळांतले हे वडीलधारे, म्हणून सगळे त्यांना अता म्हणत. लहानपणी वाळक्या लेंड्या मांडून तिला हा डाव त्यांनीच शिकवला होता.

"टेकडीवर घोड्यावर बसून बोलतोय. इथं नुसता आवाज पोचतो, उतरलो की तोही जातो."

"बोला, अता."

"तुझ्या खेळानं दार लावून घेतलंय. नाव सांग म्हणतो. सांगितलं तर नुसतं चाक फिरतं."

"त्याला नेट लागतं, अता. एकदाच."

"पोरी, आमच्या तंबूला कधी कुलूप पाहिलंस? पाहुणा येतो, बसतो, भाकरी मोडतो. नाव मग विचारतात. तू उंबऱ्यातच विचारायला लागलीस."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आमचा मेहुणा एसेन म्हणतो, काढूनच टाकू हे. त्याचं काय जातंय, तो हरत होता."

एकदा काढून टाकलेला खेळ कुणी परत घेत नाही, हे बुरुलचा सात वर्षांत शिकली होती. शिवाय काढला की अर्धवट डावही पुसले जाणार. "कुणालाही काढू देऊ नका, मी उद्या येते," एवढं तिनं सांगितलं. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. नावनोंदणी तिनं पडद्याच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवली, हवी त्यानं नंतर करावी. जुन्या फोनवर एक अर्धवट डाव ठेवून वर नवी आवृत्ती चढवून पाहिली, तर गोट्या जागच्या जागी. पण रेंजच नाही तिथं ही आवृत्ती पोचणार कशी? सकाळी फोन खिशात टाकून ती कुरणावर पीठ नेणाऱ्या गाडीत बसली.

"एका खेळासाठी एवढा घाट?" गाडीवाला म्हणाला.

"तुम्ही नाही का पीठ द्यायला जात?"

वर पोचल्यावर आधी भाकरी आणि साय पुढं आली. मग तिनं आपल्या फोनवरून अतांच्या फोनवर आवृत्ती पाठवली. शेजारी शेजारी धरले की झालं, त्याला नेट लागत नाही. अतांनी ती एसेनला दिली, एसेननं घोडा काढला. संध्याकाळपर्यंत आवृत्ती अकरा तंबूंत पोचली.

अतांनी डाव उघडला. एकही गोटी हलली नव्हती.

"खेळी माझी होती," परतलेला एसेन म्हणाला.

"तुझी? हे बघ, इथं लिहिलंय."

"ते तिनं आत्ता लिहिलं असेल. तुमचीच चेली ती."

"भांडण परत आणलंस, पोरी," अता समाधानानं म्हणाले. "आता जा निवांत."

तेव्हापासून बुरुलचाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात जून ते सप्टेंबर आडवी रेघ असते. मेंढ्या वर असताना खेळाला हात नाही.

त्या सप्टेंबरात कळप उतरले आणि क्रमवारीत पहिलं नाव आलं ते एसेनचं. अतांनी अजून नोंदवलेलं नाही. म्हणतात, मला सगळे ओळखतात.